आधी मेलेले तपासायचे

नवं किट आलं की परभणीच्या आमच्या प्रयोगशाळेतल्या बाई शेगडीवर पाणी ठेवतात. चहासाठी नाही. जिवाणूंची एक नळी त्यात धरून चांगली उकळतात आणि किटची परीक्षा त्या मेलेल्या जिवाणूंवरच सुरू करतात.

सोयाबीनच्या बियाण्याला चोळायचं जिवाणू खत आमच्याकडे तपासायला येतं. जिवाणू जिवंत असले तर किटमधला निळा द्राव गुलाबी होतो, मेलेले असले तर निळाच राहतो.

परवा किट घेऊन आलेला विक्रेता निकालासाठी थांबला होता. बाईंनी उकळलेल्या नळीत किटचा द्राव घातला; तासाभरानं ती नळी गुलाबी झाली.

"मॅडम, गुलाबी आलं की! लय भारी किट हाय," तो खुशीत म्हणाला.

"दादा, तुमच्यासमोरच मारलेत मी ते," बाई म्हणाल्या. "तुमचं किट मेलेल्याला मेलं म्हणत न्हाई. मग त्यानं जिवंत म्हटलेलं कसं खरं धरू? लोक त्याच्या भरवशावर पेरायलेत." आणि खोकं त्याच्या हातात परत दिलं.

आमच्या कामालाही बाई बहुतेकदा "हे चालायचं न्हाई" म्हणतात. राग येतो. पण म्हणूनच त्या कधी "बरं झालंय" म्हणाल्या, तर माझे पाय दिवसभर जमिनीला लागत नाहीत.