क्लोतिल्दचा उतार आणि सिनेमावाले

क्लोतिल्द वुआरां ही दोन गायींची आणि एका उभ्या उताराची मालकीण. त्या उतारावर यंत्र चढत नाही. लांब दांड्याच्या विळ्यानं गवत कापायचं आणि ओझी पाठीवरून गोठ्यावरच्या माळ्यावर न्यायची. एकाहत्तराव्या वर्षापर्यंत ती ते एकटीनं करत होती. मी जन्मभर छपरं घातली. कोण किती राबतं ते मला कळतं.

त्या वसंतात तिचा खुबा मोडला. जूनमध्ये गवत कमरेएवढं उभं आणि ही काठीवर. माळा भरला नाही तर हिवाळ्याआधी गायी विकायच्या. गुरांचा दलाल त्यांच्या पाठी चाचपूनही गेला होता.

नेमके तेव्हा सिनेमावाले आले. गवत कापणाऱ्यांवर कुठलीशी कादंबरी होती, तिचा सिनेमा करायचा होता. दिग्दर्शक ग्रांजे ती बगलेत घेऊनच फिरायचा.

"उताराचं भाडं किती घ्याल, बाई?"

"भाडं नको. कापलेलं गवत माझं. आणि कापणं बरोबर की चूक, ते मी सांगणार."

ग्रांजे खूश. त्याला सगळं अस्सल हवं होतं.

बुधवारी पहाटे, दव होतं तोवरच, तिनं बारा नटांना रांगेत उभं केलं. दव वाळलं की पातं गवतावरून घसरतं. मुख्य नट शहरातला, पण महिनाभर शिकून आलेला. दहा पावलं सरळ कापत गेला. गडी बरा होता.

"चूक!" क्लोतिल्द ओरडली. "पात्याची दांड्याकडची टाच उचलली त्यानं. असं इथं कुणी कापत नाही."

कापलेलं गवत पुन्हा उभं राहत नाही, म्हणून दुसरा शॉट पुढच्या पट्ट्यावर.

"कंबर किती ताठ! लग्नाला चाललायस का रे?"

तिसरा.

"बरा होता. पण धार गेलीय. आवाज ऐका की!"

"अगं, पहिलाच उत्तम होता," मी तिच्या कानाशी म्हणालो.

"फिर्मां, तुझी कुठकुठली छपरं गळतात ते सांगू का त्यांना?"



दोन पहाटांत उतार बोडका झाला. शुक्रवारी ती ग्रांजेला म्हणाली, "तुमच्या पुस्तकातली माणसं गवत उलटत नव्हती? मग कुजलं असेल त्यांचं." ग्रांजेनं घाईघाईनं पानं चाळली आणि बाराही जणांच्या हाती दाताळी दिली. शनिवारी ओझी. कुणाची गाठ सैल, कुणाची चाल चुकीची. माळा भरेपर्यंत एकही शॉट तिच्या पसंतीस उतरला नाही.

संध्याकाळी ग्रांजे माळ्याच्या दारात उभा राहिला. गवत आढ्याला टेकलं होतं.

"बाई, खरं सांगा. कापण्याचा कुठला शॉट चांगला होता?"

"पहिला."

"आणि बाकीचे सत्तावीस?"

"ते गायींसाठी चांगले होते."

रविवारी पाऊस लागला. सिनेमात ते कापणं चाळीस सेकंद दिसतं, आणि शॉट पहिलाच आहे. सोमवारी दलाल आला. क्लोतिल्दनं त्याला कॉफी पाजली आणि माळ्याची शिडी दाखवली.

"चढ की. मला खुब्यामुळे येता येत नाही."