न पाहिलेल्या सरांची शिफारस

परबांनी कागद माझ्या टेबलावर ठेवला आणि दोन पावलं मागे सरकले. कागद चक्क लॅमिनेट केलेला होता.

“वाचा मॅडम. प्रिन्सिपलचो शिक्को, फिजिक्सच्या सरांची सही. सगळा ओके.”

मी वाचलं. ‘कु. ऋतुजा परब ही अत्यंत हुशार व शिस्तप्रिय विद्यार्थिनी असून तिची वर्गातील हजेरी नियमित असते. तिला मी दोन वर्षे स्वतः शिकवले आहे.’ खाली वाघमारे सरांची सही.

ऋतुजा शेजारच्याच खुर्चीत बसली होती. बारावी सायन्स, राहणार मुलुंड पूर्व. मी तिला विचारलं, “वाघमारे सर दिसायला कसे आहेत गं?”

तिने वर पंख्याकडे बघितलं. मग बाबांकडे.

“चष्मा आहे त्यांना?”

“असेल.”

“उंच आहेत की बुटके?”

“मॅडम, खरं सांगू?” ती म्हणाली. “मी त्यांना कधी बघितलंच नाहीये.”

घाटकोपरला माझं करिअर काउन्सेलिंगचं छोटं ऑफिस आहे. बारावीतल्या मुलांनी पुढे काय शिकायचं, कुठे शिकायचं, तिथे अर्ज कसा करायचा, हे मी बघते. त्यातलं निम्मं काम मुलांना समजावण्याचं असतं आणि उरलेलं दुप्पट काम आईबाबांना समजावण्याचं.

ऋतुजाला फिजिक्स शिकायचं होतं. इंजिनियरिंग नाही, नुसतं फिजिक्स. पुढे रिसर्च करायचा होता. तिच्या बाबांचं साकीनाक्याला एसी दुरुस्तीचं वर्कशॉप आहे. लहानपणापासून शाळा सुटली की ती तिथेच बसायची. गॅस दाबला की गरम होतो, सोडला की गार होतो, हे तिने पुस्तकात वाचण्याआधी हात लावून बघितलेलं. परबांना मात्र पोरगी इंजिनियर व्हायला हवी होती. शेवटी घरात तोडगा निघाला. परराज्यात एक निवासी युनिव्हर्सिटी आहे, तिथला फिजिक्सचा कोर्स फार चांगला. तिथे पूर्ण स्कॉलरशिप मिळाली तर तिने जायचं. नाही मिळाली तर गप मुलुंडहून जाता येईल अशा इंजिनियरिंग कॉलेजात नाव घालायचं, पुन्हा विषय काढायचा नाही. पोरीची सगळी भिस्त त्या एका अर्जावर होती.

आणि त्या अर्जात एक अट होती. ज्याने वर्गात शिकवलंय अशा शिक्षकाने विद्यार्थ्याबद्दल स्वतः लिहून पाठवायचं. शिवाय निवड यादीत नाव आलं की युनिव्हर्सिटीची माणसं त्या शिक्षकाला फोन करून बोलतात.

आता प्रॉब्लेम असा, की ऋतुजा ‘इंटिग्रेटेड’ची मुलगी होती. मुंबईबाहेरच्या वाचकांना हे सांगायला हवं. मुलं अकरावीला मोठ्या कोचिंग क्लासला जातात आणि सकाळपासून संध्याकाळपर्यंत तिथेच असतात. पण बोर्डाच्या परीक्षेला बसायचं तर कुठल्यातरी ज्युनियर कॉलेजात नाव हवं. म्हणून क्लासवाले एखाद्या कॉलेजशी टाय-अप करतात. नाव कॉलेजात, पोरगं क्लासमध्ये. हजेरी आपोआप लागते. आईबाप खूश, क्लास खूश, कॉलेजही खूश. ऋतुजाचं नाव देवनारच्या एका कॉलेजात होतं. दोन वर्षांत ती तिथे फक्त आयकार्डच्या फोटोसाठी गेली होती.

“मग क्लासमधले सर लिहितील ना?” परब म्हणाले.

“क्लास म्हणजे शाळा-कॉलेज नव्हे. युनिव्हर्सिटीला कॉलेजचा शिक्षक लागतो.”

“हो तर! ह्यो काय कॉलेजचोच कागद!”

“आणि उद्या फोन आला, सरांनी विचारलं, कोण ऋतुजा? मग?”

परब खाली बसले. लॅमिनेशनवरून हात फिरवत म्हणाले, “वाट लागली म्हणजे.”

मी कॉलेजच्या ऑफिसला फोन लावला. तिथला क्लार्क फारच मदतीला तयार. “मॅडम, टेन्शनच घेऊ नका. सरांच्या नावाचा ईमेल आयडी आम्ही बनवून देतो. मजकूर तुम्हीच लिहा, आम्ही पाठवतो. फोनसाठी पण नंबर देऊ ना कुणाचातरी. सगळे असंच करतात.”

सगळे असंच करतात, हे वाक्य ऐकलं की माझं डोकं फिरतं. पकडलं गेलं तर अर्ज बाद, हा भाग आहेच. पण त्या मुलीने पुढे आयुष्यभर मोजमाप घेण्याचं काम करायचं आणि सुरुवात खोट्या ईमेलने करायची, हे काही मला पटेना. मी ऋतुजाला म्हटलं, “चल, सरांना भेटून येऊ.”

देवनारला आम्ही पोचलो तेव्हा बारावी सायन्सच्या वर्गाची वेळ होती. वर्गात सगळे पंखे चालू, फळ्यावर तारीख घातलेली, आणि बाकावर कुणीही नाही. टेबलाशी एक उंच, सडपातळ गृहस्थ पेपर वाचत बसले होते. चष्मा होता.

मी ओळख करून दिली. येण्याचं कारण सांगितलं. वाघमारे सरांनी लॅमिनेट केलेला कागद उलटसुलट करून पाहिला.

“सही माझी आहे,” ते म्हणाले. “ऑफिसातून गठ्ठा येतो, मी करतो. काय लिहिलंय ते वाचत नाही. वाचलं तर करवणार नाही.”

“सर, तुम्ही हिच्याबद्दल खरं काही लिहू शकाल का?”

“काय लिहू? आयकार्डवर फोटो बरा आलाय?”

ऋतुजाचा चेहरा पडला. सर तेवढ्यावर थांबले नाहीत. त्यांचा बरेच दिवसांचा राग साचलेला असणार.

“मॅडम, कागदावर माझा वर्ग हाउसफुल आहे. मी रोज येतो, फळा पुसतो, तारीख घालतो. कशाला? प्रॅक्टिकल परीक्षेला पोरं येतात, मला म्हणतात, अंकल, फिजिक्स लॅब किधर है? अंकल! आणि आता तुम्ही म्हणता, लिहा, मी हिला शिकवलंय.” त्यांनी कागद परत माझ्याकडे सरकवला. “शिकवलंय असं लिहून हवं असेल, तर मला शिकवू द्या.”

मी काही बोलायच्या आत ऋतुजा म्हणाली, “कधी येऊ सर?”

सर जरा गडबडले. त्यांना हे उत्तर अपेक्षित नव्हतं.

“सोमवारी आणि गुरुवारी. लॅब. आणि उशीर झाला तर मी आत घेत नाही.”

परतताना मी मनातल्या मनात हिशोब करत होते. ऑक्टोबर चालू होता. अर्ज जानेवारीत. जमण्यासारखं होतं, पण परब तयार व्हायला हवेत. ते अर्थातच उसळले. क्लासच्या टेस्ट बुडणार, रँक जाणार. क्लासच्या ब्रँच हेडनेही मला फोन करून ऐकवलं, “मॅडम, तुम्ही मुलीचं करिअर खराब करताय. कॉलेजात जाऊन कोणी शिकतं का?” हे वाक्य तो अगदी गंभीरपणे बोलला.

परबांना मी एवढंच विचारलं, “तुमच्याकडे मेकॅनिक ठेवताना दुसऱ्याने दिलेली चिठ्ठी बघता, की त्याला एक दिवस कामाला लावून बघता?”

“कामाक लावतंय.”

“मग?”

“जा म्हणावं तिला,” ते पुटपुटले. “पण रँक गेलो तर मी तुमच्याकडे येतलंय.”

ऋतुजा जायला लागली. सुरुवातीला सर तिला मुद्दाम कंटाळवाणी कामं द्यायचे. काचा पूस, वजनं लाव. मला वाटलं, पोरगी वैतागून सोडणार. ती उलट माझ्याकडे येऊन सांगायची, “मॅडम, त्या लॅबमध्ये काय काय पडलंय यार! खोकीच उघडली नाहीयेत कुणी!”

मग डिसेंबरात ते गार पाण्याचं प्रकरण झालं. ते मला दोघांनीही स्वतंत्रपणे सांगितलं आणि ते जुळलं, म्हणून खात्रीने लिहिते.

प्रयोग साधा होता. भांड्यात गरम पाणी घ्यायचं, ते गार होताना ठरावीक वेळाने थर्मामीटर बघायचा आणि आलेख काढायचा. घसरगुंडीसारखी गुळगुळीत रेघ यायला हवी. आपल्याकडे ती येतेच, कारण कुणी थर्मामीटर बघत नाही. आदल्या वर्षीच्या मुलांच्या जर्नलमधले आकडे उतरवून घ्यायचे, ही सगळ्या कॉलेजांची पिढीजात पद्धत. ऋतुजाने खरोखर पाणी तापवलं, खरोखर आकडे घेतले. रेघ गुळगुळीत येईना. मधेच पाणी भराभर गार व्हायचं, मग पुन्हा सावकाश. तिने दुसऱ्यांदा केलं. पुन्हा तसंच.

सर म्हणाले, “एवढं काय त्यात. पुस्तकाप्रमाणे काढ आलेख, परीक्षक काही बघत नाही.”

“पण सर, पाणी तसं गार होत नाहीये ना.”

ती थर्मामीटर सोडून लॅबमध्ये नुसती उभी राहिली. कान देऊन. मग भिंतीपाशी गेली. पलीकडे कॉम्प्युटर लॅब होती, मधे प्लायवूडचं पार्टिशन. पाइप नेण्यासाठी पाडलेलं भोक कुणी बुजवलेलं नव्हतं. “सर, हात लावा इथे,” ती म्हणाली. “त्यांचा कॉम्प्रेसर चालू झाला की इथून गार हवा येते. बंद झाला की थांबते. आपला आलेख बरोबर आहे. तो त्यांच्या एसीचा आलेख आहे.”

सरांनी भोकात जुना पेपर कोंबला आणि दोघांनी मिळून प्रयोग पुन्हा केला. रेघ गुळगुळीत आली. मग पेपर काढला. रेघ पुन्हा बिघडली. त्या दिवशी कॉलेज बंद करायला शिपाई आला तरी सर लॅबमधून हलायला तयार नव्हते, असं ऋतुजा म्हणाली. आणि मला सरांचा पहिल्यांदाच आपणहून फोन आला. “मॅडम, तुमच्या त्या फॉर्मची लिंक पाठवा. मला लिहायचंय.”

जानेवारीत अर्ज गेला. मार्चमध्ये निवड यादी लागली, ऋतुजाचं नाव होतं. आता फक्त सरांना फोन यायचा होता. आठवडा गेला आणि युनिव्हर्सिटीचा मेल आला: ‘आपल्या शिक्षकांशी वारंवार प्रयत्न करूनही संपर्क होऊ शकला नाही. उद्यापर्यंत संपर्क न झाल्यास अर्जाचा विचार होणार नाही.’

मी मेल दोनदा वाचला. लगेच सरांना फोन लावला.

“सर, युनिव्हर्सिटीचा फोन आला होता का?”

“नाही बुवा. ते लोनवाले करतात सारखे फोन. बाहेरचा नंबर दिसला की मी कट करतो.”

“अहो सर, ते लोनवाले नाहीत! तीच युनिव्हर्सिटी आहे ती!”

सर म्हणाले, “अरे देवा. कालच्या माणसाला तर मी मुद्दाम फोन उचलून शिवी दिली.”

मी युनिव्हर्सिटीला मेल केला, माफी मागितली, वेळ ठरवून घेतली. सरांना बजावलं, उद्या सकाळपासून जो फोन येईल तो घ्यायचा, लोनवाल्याचा असला तरी. दुसऱ्या दिवशी ऋतुजा माझ्या ऑफिसात येऊन बसली. परबही वर्कशॉप सोडून आले. दुपारी सरांचा फोन आला. मी स्पीकरवर टाकला.

“झालं बोलणं,” सर म्हणाले. “बाई होत्या. पाच मिनिटं म्हणाल्या आणि अर्धा तास ठेवून घेतलं. मी ते एसीचं सगळं सांगितलं. त्यांना भोक केवढं होतं तेसुद्धा हवं होतं.”

“आणखी काय विचारलं?”

“तिच्यातला दोष सांगा म्हणाल्या. मी म्हटलं, मॅडम, शी डज नॉट बिलीव्ह द टेक्स्टबुक. त्या हसायलाच लागल्या.”

“सर!” ऋतुजा ओरडली.

“आणि तो शिवीवाला त्यांचा असिस्टंट होता. त्याला सॉरी सांगितलं.”

एप्रिलमध्ये निकाल लागला तेव्हा मी दुसऱ्या एका आईला समजावत होते. परबांचा फोन आला. मागे ग्राइंडरचा आवाज.

“मॅडम, झाला! पोरीचा काम झाला! फुल स्कॉलरशिप! माका तर काय सुचाक नाय!” मग ग्राइंडर थांबला आणि वर्कशॉपमधली सगळी माणसं ओरडताना ऐकू आली. मी समोरच्या बाईंना म्हटलं, “दोन मिनिटं थांबा हं,” आणि उठून टाळ्या वाजवल्या. एवढा आनंद मला माझ्या स्वतःच्या निकालाचाही झाला नव्हता. बाईंनी बिचाऱ्यांनी काही न समजता माझ्याबरोबर टाळ्या वाजवल्या.

रँकचं म्हणाल तर तो थोडा खाली गेला. परब भांडायला आले नाहीत, पेढे घेऊन आले. लॅमिनेट केलेलं शिफारसपत्र सध्या वर्कशॉपमध्ये चहाच्या किटलीखाली असतं. वॉटरप्रूफ आहे, म्हणतात.

या धंद्यात इतकी वर्षं काढून मी शिकले ते एवढंच, की शिफारस हवी असेल तर आधी त्या माणसाला भेटावं. यासाठी कुणी माझी फी द्यायची खरं तर गरज नाही.

पुढच्या ऑक्टोबरात त्याच क्लासची, त्याच टाय-अपची एक मुलगी अर्ज घेऊन आली. मी सवयीने विचारलं, “वाघमारे सर दिसायला कसे आहेत?”

“उंच आहेत. चष्मा आहे,” ती एका दमात म्हणाली. “आणि मॅडम, आपण जरा पटकन उरकूया का? आज गुरुवार आहे. उशीर झाला तर आत घेत नाहीत. आणि हल्ली पुढचा बाक मिळत नाही.”