माझ्या नावावर खपवलेली लाज

नव्वदच्या दशकात आम्ही अमेरिकेत शॉमबर्गला राहत होतो तेव्हा गव्हर्नरपदाच्या एका उमेदवाराशी माझी दोनदा गाठ पडली. दोन्ही वेळा तो माझा हात हातात धरून हसला आणि दोन्ही वेळा घरी येऊन मला साबणाने हात धुवावेसे वाटले. इतक्या वर्षांनंतरही त्या माणसाबद्दल बरं बोलण्यासारखं मला काही सापडलेलं नाही.

तिथला गव्हर्नर आपल्या राज्यपालासारखा शोभेचा नसतो. तो निवडून येतो आणि मुख्यमंत्र्यासारखा कारभार करतो. राज्यातले रस्ते, विद्यापीठं, तुरुंग, सरकारी नोकऱ्या, सगळं त्याच्या हाताखाली. मी त्या राज्याच्या रस्ते खात्यात इंजिनिअर होते. पुलांची तपासणी हे माझं काम. हेल्मेट घालून पुलाच्या पोटाखाली जायचं, हातोडीने ठोकून काँक्रीट कुठे पोकळ वाजतंय ते ऐकायचं, गंज कुठवर गेलाय ते बघायचं. नागपूरला गिरणी कामगाराच्या घरात जन्मलेल्या, राखीव जागेवर इंजिनिअरिंगला गेलेल्या मुलीला हे काम मिळालं याचा मला अभिमान होता, आणि तो मी कधी लपवला नाही. तसं कुणी कधी विचारलंही नव्हतं.

आमच्या ओळखीतले एक हृदयरोगतज्ज्ञ होते, पुण्याचे. सगळे त्यांना डॉक्टरच म्हणत. गणपतीला, दिवाळीला त्यांच्याकडे पन्नासेक माणसं सहज जमायची, आम्हीही जायचो. एके दिवशी त्यांचा फोन आला की रविवारी दुपारी उमेदवार त्यांच्या घरी चहाला येतोय, पक्षाचा अधिकृत उमेदवार ठरवणारी प्राथमिक निवडणूक तोंडावर आहे, तेव्हा आम्ही दोघांनी यायलाच पाहिजे. आपली माणसं दिसली तरच तो आपल्याला मोजेल, असं त्यांचं म्हणणं. कुणी काय विचारायचं तेही त्यांनी ठरवून ठेवलं होतं. माझ्या वाट्याला रस्ते आले होते. माझ्या नवऱ्याला राजकारणाचा कंटाळा, पण डॉक्टरांना नाही कसं म्हणायचं? आमची सतरा वर्षांची मुलगीही आली, कारण शाळेत तिला याच निवडणुकीवर काहीतरी प्रोजेक्ट होतं.

डॉक्टरांच्या बेसमेंटमध्ये पांढराशुभ्र गालिचा होता. आम्ही सगळे मोज्यांवर बसलो होतो. उमेदवार बूट घालूनच आला. डॉक्टरांची बायको घाईघाईने म्हणाली की राहू द्या, काही हरकत नाही. तिच्या घरात शिरताना माझ्या मुलीच्या चपला जरा आत राहिल्या म्हणून तीच एकदा कुरकुरली होती. उमेदवाराने अर्धा समोसा खाल्ला, डोळ्यांत पाणी आल्याचं नाटक केलं, सगळे हसले. उरलेला अर्धा त्याने टिश्यूत गुंडाळून सोफ्याच्या हातावर ठेवून दिला.

मग त्याने आपली धोरणं सांगायला सुरुवात केली. माणूस हुशार होता हे कबूल करायला हवं. घरपट्टी वाढू देणार नाही, म्हणाला, तेव्हा त्याची नजर मोठ्या घरांत राहणाऱ्यांवर होती. डॉक्टरांवरच्या कोर्टाच्या दाव्यांना मर्यादा घालणार, हे तो थेट यजमानाकडे बघून म्हणाला. सरकारी मदतीवर जगणाऱ्या बायकांना, लेकरं कडेवर असली तरी, कामाला लावणार. फाशीच्या शिक्षेची अंमलबजावणी लांबू देणार नाही. ज्यांना सरकारी शाळा नको त्यांना खाजगी शाळेसाठी सरकारचा पैसा देणार. एकेका वाक्याला तो थांबायचा, टाळ्या पडायच्या, आणि टाळ्या थांबल्या की पुढचं वाक्य यायचं. ज्या बाईची मदत थांबणार होती ती आमच्यातल्या एकालाही माहीत नव्हती. पुलांखाली काम करताना मला अशा बायका दिसायच्या, बसस्टॉपवर, पोराला थंडीत छातीशी धरून. इथे त्यांच्या नावाने टाळ्या वाजत होत्या.

मग एका गृहस्थांनी विचारलं की आमच्या मुलाला इतके मार्क असून राज्याच्या विद्यापीठात हव्या त्या शाखेला प्रवेश मिळाला नाही आणि त्याच्याहून कमी मार्कांच्या मुलांना मिळाला, याचं काय करणार? काळ्या लोकांसाठी, बायकांसाठी, इतर अल्पसंख्याकांसाठी प्रवेशात आणि नोकऱ्यांत जे थोडं झुकतं माप होतं, त्याबद्दल हा प्रश्न. उमेदवार याचीच वाट बघत असावा. त्याने कप खाली ठेवला.

"पहिल्याच दिवशी बंद करीन," तो म्हणाला. "ते चुकीचं आहे याचा पुरावा तुम्हीच आहात. एक सुटकेस घेऊन या देशात आलात, कुणाकडे काही मागितलं नाहीत. तुम्हाला कुणी हात दिला नाही."

त्या दुपारची सगळ्यात मोठी टाळी इथे पडली. टाळ्या वाजवणाऱ्यांत डॉक्टरांचा धाकटा भाऊ सगळ्यांत पुढे. हायवेवर पांढरे-पिवळे पट्टे रंगवायची त्याची कंपनी होती. आमच्या खात्याची कामं अल्पसंख्याकांच्या कंपन्यांसाठी बाजूला काढून ठेवलेल्या वाट्यातून तिला मिळायची. मी त्याच खात्यात होते, मला ते ठाऊक होतं. आणि तो टाळ्या वाजवत होता.

माझी पाळी आली तेव्हा मी रस्त्यांबद्दल काहीच विचारलं नाही. उभी राहिले आणि सांगितलं की भारतात माझी इंजिनिअरिंगची जागा राखीव होती, आणि इथली नोकरीही, अर्ज बायकांकडून आणि गोऱ्या नसलेल्या लोकांकडून यावेत असा प्रयत्न खात्याने केला म्हणून मिळाली. "आज तुम्ही ज्या पुलावरून इथे आलात, तो मी तपासलाय," मी म्हणाले. "मला हात दिला गेला होता. मला त्याची लाज वाटत नाही. तुम्ही तो हात का काढून घेताय, एवढं सांगा."

नवरा गालिच्याकडे बघत बसला. उमेदवार मात्र जरासुद्धा गडबडला नाही. तो चालत माझ्यापर्यंत आला आणि माझा हात हातात घेऊन म्हणाला, "तुमच्यासारखी बाई त्या मदतीशिवायही इथपर्यंत पोचलीच असती." पुन्हा टाळ्या. माझं अख्खं बोलणं त्याने एका कौतुकात गुंडाळून बाजूला ठेवलं होतं, त्या समोशासारखं.

निघताना डॉक्टरांच्या बायकोने मला स्वयंपाकघरात बोलावलं, मुलगीही माझ्या मागोमाग आली. मला वाटलं डबा देतेय. ती हळू आवाजात म्हणाली, "वहिनी, कशाला सांगितलंत? आम्हाला कुणाला माहीतसुद्धा नव्हतं." ती मला रागावून बोलली असती तर बरं झालं असतं. ती हे माझ्या भल्यासाठी सांगत होती आणि तिच्या चेहऱ्यावर खरोखरची दया होती. ती दया मला उमेदवाराला पडलेल्या टाळ्यांपेक्षा जास्त लागली.

गाडीत मुलीने विचारलं की काकू असं का म्हणाली. तिला नागपूर माहीत होतं, तिच्या आजीच्या हातचं सावजी माहीत होतं, आम्ही बौद्ध आहोत हेही माहीत होतं, पण त्यांच्या तोंडाला लागलेला धागा इतरांना चालत नसे म्हणून माझ्या वडिलांना गिरणीच्या विणकाम खात्यात कामाला घेत नसत, हे मी तिला कधी सांगितलं नव्हतं. त्या दिवशी घरी पोचेपर्यंत सांगितलं.

दोन आठवड्यांनी केबल टीव्हीवर उमेदवारांची चर्चा होती. मुलीच्या प्रोजेक्टसाठी आम्ही जेवतानाच लावली. नोकऱ्यांचा विषय निघाला आणि आमचा उमेदवार आवाज खाली आणून सांगू लागला की नुकतीच त्याला भारतातून आलेली एक इंजिनिअर भेटली. तिला तिथे आणि इथेही राखीव जागेचा फायदा मिळाला होता. डोळ्यांत पाणी आणून तिने त्याला सांगितलं की या मदतीने तिची उमेद मारली, आपली पदवी खरी आहे की नाही अशी शंका तिला जन्मभर खात राहिली, आणि आपल्या मुलीच्या वाट्याला ही लाज येऊ नये अशी तिची इच्छा आहे.

मुलगी घास हातात धरून माझ्याकडे बघत होती. "आई, यू नेव्हर सेड दॅट."

त्याने माझं म्हणणं खोडलं असतं, माझी चेष्टा केली असती, तर मी सहन केलं असतं. त्याने माझ्या नावाने रडून घेतलं होतं. माझी मुलगी समोर बसलेली असताना तिच्या नावानेसुद्धा.

सोमवारी ऑफिसात माझ्या बॉसने विचारलं, ती तूच का? ती काळी होती, माझ्याहून बरीच मोठी, त्या ऑफिसात इंजिनिअर म्हणून आलेली पहिली काळी बाई. मी घडलेलं सांगितलं. ती रागावली नाही. म्हणाली की यांच्या भाषणांत तिच्यासारख्या बायका कायम रडतच असतात, तिने मोजणं सोडून दिलंय. मग विचारलं, "मग? तू काय करणार आहेस?"

पुढच्या शनिवारी सकाळी त्याची सभा आमच्या भागातल्या हायस्कूलच्या जिममध्ये होती. नवरा म्हणाला, यार, जाऊ दे, निवडणूक संपली की सगळे विसरतील. मी आणि मुलगी गेलो. प्रश्नांसाठी मायक्रोफोन ठेवला होता, त्याच्या रांगेत उभी राहिले. पाळी आल्यावर मी म्हणाले, "तुम्ही टीव्हीवर सांगितलेली इंजिनिअर मी आहे. मी रडले नाही. मला लाज वाटत नाही असं म्हणाले होते. तुम्ही खोटं बोललात."

त्याच्या चेहऱ्यावर क्षणभर काहीच नव्हतं. त्याला मी आठवत नव्हते, हे मला स्पष्ट दिसलं. मग ते हसू परत आलं. तो म्हणाला की तो खूप लोकांना भेटतो, ती दुसरी कुणीतरी बाई असेल. भारतातून आलेली, पुलांवर काम करणारी, दुसरी कुणीतरी. एका कार्यकर्त्याने नम्रपणे माझ्या हातातून मायक्रोफोन घेतला. बाहेर पडताना दारात उमेदवारच लोकांशी हात मिळवत उभा होता. त्याने माझाही हात धरला, हसला आणि आल्याबद्दल आभार मानले. मागच्या रांगेतला स्थानिक पेपरचा बातमीदार माझ्याशी बोलला. त्याने आतल्या पानावर चार ओळी छापल्या.

त्या चार ओळी डॉक्टरांपर्यंत पोचल्या. त्यांचा फोन आला तेव्हा आवाज थंड होता. मी त्यांच्या घरात घडलेली गोष्ट चव्हाट्यावर आणली, सगळ्या समाजाला मान खाली घालायला लावली, तो निवडून आला तर डॉक्टर लोकांसाठी केवढं काम होईल, असं ते बोलत राहिले. शेवटी म्हणाले, "राजकारणात माणूस एवढं इकडचं तिकडे करतोच. आणि तुम्ही तरी काय मिरवताय, वहिनी? आम्ही इथे स्वतःच्या लायकीवर उभे आहोत."

मी त्यांना विचारलं की तुमच्या भावाच्या कंपनीला आमच्या खात्याची कामं कुठल्या वाट्यातून मिळतात, हे तुम्हाला ठाऊक आहे ना? उमेदवार तो वाटा पहिल्याच दिवशी बंद करणार होता. तुमचा भाऊ टाळ्या वाजवत होता.

मग ते म्हणाले की ते वेगळं आहे, तो धंदा आहे. आणि फोन ठेवला.

उमेदवार ती प्राथमिक निवडणूक हरला. मला त्याचा आनंद झाला, पण तो पुरला नाही. जो जिंकला त्याची मतं जवळपास तीच होती, फक्त त्याला ती सौम्य शब्दांत मांडता येत होती. उन्हाळ्यात तोही त्याच बेसमेंटमध्ये चहाला येऊन गेला, असं कानावर आलं. आम्हाला बोलावणं नव्हतं. त्या वर्षीच्या गणपतीलाही नव्हतं, आणि त्यानंतर कधीच नाही. नवऱ्याला सुरुवातीला ते लागलं. मग आम्ही आपल्या चार बौद्ध कुटुंबांत जास्त जाऊ-येऊ लागलो, लायब्ररीचा हॉल घेऊन बुद्धजयंती करू लागलो, आणि त्यालाही तिथे मोकळं वाटू लागलं.

मुलीने तिचं प्रोजेक्ट शाळेत सादर केलं. उमेदवाराची धोरणं तिने एकेक करून मांडली आणि शेवटी वर्गाला सांगितलं की त्याने गोष्टीतली बाई म्हणून वापरलेली इंजिनिअर तिची आई आहे आणि आईला लाज वाटत नाही. शिक्षिकेने शेवटचा भाग विषयाला धरून नाही असा शेरा मारला. मुलगी तो शेरा घेऊन शिक्षिकेशी भांडायला गेली आणि हरून परत आली. त्या संध्याकाळी ती माझ्याबरोबर पोळ्या लाटायला उभी राहिली, वाकड्यातिकड्या, आणि तिच्या आजोबांच्या गिरणीबद्दल पुन्हा सुरुवातीपासून सांग म्हणाली.