थांबा नावाचं बटण

माझ्या पीएचडीचा सगळा डोलारा एका व्हिडिओ गेमवर उभा होता, हे नातेवाईकांना सांगायची सोय नव्हती. आत्याने एकदा टॅबलेट पाहिला आणि पोरगी अजून गेमच खेळते, असं सगळ्या भावकीत सांगून टाकलं.

गेम शाळेतल्या मुलांसाठी बनवलेला. एक नदी, काठावर गाव, शेतं, थोडी वर्कशॉप्स. प्रत्येक फेरीत खेळणाऱ्याने एक काम निवडायचं: झाडं लावा, मासे सोडा, गाळ काढा, घाट बांधा. किंवा 'थांबा' हे बटण दाबा. मग त्या फेरीत काठावरचं सगळं बंद, आणि नदी आपली आपण सावरते. गोम तिथेच होती. अधूनमधून थांबल्याशिवाय ती नदी जगतच नाही. कोण काय निवडतं ते टॅबलेट नोंदवायचा, आणि त्यावरून लोकांचं नदीशी नातं काय आहे ते मी मांडणार होते.

मला एकच दाखवून द्यायचं होतं. तळवड्याच्या मागे इंद्रायणीवर फेस आला की बातमीखाली कुणीतरी लिहितंच, या लोकांना काही पडलेलीच नाही. हे लोक म्हणजे आम्ही, काठावरच्या कंपन्यांत राबणारे. ते वाचून माझं डोकं फिरतं. हातात नदी दिली तर आमची माणसं ती वाचवतील, याची मला खात्री होती.

गुरुवारी कंपन्यांना सुट्टी, म्हणून आमच्या विहाराच्या हॉलमध्ये सतरंजी टाकून खेळ मांडायचा. माणसं यायची, मन लावून खेळायची. झाडं लावायची, मासे सोडायची, गाळ काढायची, पुन्हा मासे सोडायची. एकही फेरी वाया घालवायची नाहीत. आणि प्रत्येकाची नदी काळी पडून मरायची.

चाकणला वायरिंगच्या लाइनवर काम करणारी एक बाई होती, मूळची परभणीकडची. ती टॅबलेट खाली ठेवून म्हणाली, "एवढं समदं केलं मॅडम, तरी मेलीच की."

"ते 'थांबा'चं लाल बटण का नाही दाबलंत?"

"ते नसतंय दाबायचं. आमच्या लाइनवर कुणी दाबलं की सगळे त्याच्याकडंच बघतेत."

शेजारचा माणूस हसला. "बघतायत कसले, मेमो देतात."

बनवणाऱ्यांनी ते बटण लाल आणि गोल केलं होतं, चटकन दिसावं म्हणून. मशीनवरचं लाइन बंद करायचं बटणही तसंच असतं. मी ते हिरवं करून घेतलं, नाव 'विसावा' ठेवलं. पुढच्या गुरुवारी नवी माणसं आली आणि त्यांनीही ते दाबलं नाही. "मग आपण नुसतं बसून राहायचं का?" एकाने मला विचारलं. त्याला खरंच कळत नव्हतं.

माझ्या गाइड सरांनी आकडे पाहिले आणि म्हणाले, "सहभागींना परिसंस्थेची समज कमी आहे, असं सरळ लिहा."

मी वाद घातला. समज कमी नाही सर, त्यांना रिकामं बसायची भीती वाटते. सर म्हणाले, "असेल. पण भीती तुमच्या टॅबलेटने मोजलेली नाही." घरी येईपर्यंत मी मनातल्या मनात त्यांच्याशी भांडत होते.

बाबांचा खेळ संशोधनात धरता येणार नव्हता. तो मला माझ्यासाठी हवा होता. बाबा इंद्रायणीतच पोहायला शिकले, मग जन्मभर कंपनीत एकाच लाइनवर उभे राहिले, आता निवृत्त आहेत. निदान ते तरी थांबतील, असं मला वाटत होतं. ते चष्मा लावून बसले आणि घाम गाळल्यासारखे खेळले. त्यांचीही नदी मेली.

मी पुन्हा सुरुवात करून दिली आणि सगळं उघड सांगून टाकलं. "बाबा, हे बटण दाबायचं. मग ती वाचते."

त्यांनी बोट पुढे नेलं आणि मागे घेतलं. "म्या न्हाई दाबत. तू दाब."

मी दाबलं. काठावरचं सगळं बंद झालं. फेरीमागून फेरी मी तेच दाबत गेले, आणि आम्ही दोघं बाकी काहीच न करता बसलो. पाणी हळूहळू निवळलं. मग मासे दिसले, आम्ही न सोडलेले. बाबा वाकून बघायला लागले. त्यांनी पडद्यावर बोट ठेवलं. "हितंच डोह हुता," ते म्हणाले. गेममध्ये डोह नव्हता. त्यांचा चेहरा इतका मोकळा मी क्वचित पाहिला असेल.

थोड्या वेळाने त्यांनी चष्मा काढला आणि घड्याळाकडे पाहिलं.

"चल, कर आता चालू," ते म्हणाले. "किती येळ बंद ठिवणार?"

राहू दे अजून थोडा वेळ, असं मला म्हणता आलं असतं. मी कामं चालू केली.