मेट्रनबाईंची तयारी

“उचल. डोक्याच्या वर. आता हस.”

सुवार्ताफेरीला निघण्याआधी मेट्रनबाई प्रत्येकाच्या पिशवीची अशी परीक्षा घ्यायच्या. पिशवी वर धरून हसता आलं नाही, की निम्मं सामान बाहेर. “चढ चढून गेल्यावर लोकांना आपलं तोंड दिसतं, पिशवी नाय,” त्या म्हणायच्या.

शहरातल्या छावणी भागातल्या आमच्या चर्चची मंडळी दर हिवाळ्यात कन्नड गावाच्या पुढच्या डोंगरवस्त्यांवर जायची. येशूची गोष्ट सांगायची, गाणी म्हणायची. मी बजाजनगरचा, कंपनीत कामाला. गाडी चालवता येते म्हणून जीप माझ्याकडं. प्रवचन पाळकसाहेबांकडं. बाकी सगळं मेट्रनबाईंकडं. दवाखान्यातून त्या केव्हाच निवृत्त झाल्या होत्या, पण आवाज अजून वॉर्डातलाच होता. तुमच्याही ओळखीत अशी एखादी बाई असेल, जिच्यासमोर मोठमोठी माणसं आपोआप नखं लपवतात.

पाणी घरूनच उकळून कॅनमध्ये भरून न्यायचं, कारण वस्तीवरच्या बायका ते लांबून आणतात. उंच टाचांच्या चपला बंद. जाण्याआधी आठवडाभर सगळ्यांनी ज्वारीची भाकरी आणि तिखटजाळ ठेचा खाऊन सवय करायची. “समोर येईल ते खायचं. ताटावर तोंड वाकडं केलं, की तुमचं प्रवचन तिथंच संपलं.” आमच्या वादकानं हार्मोनियम आणली, तर त्यांनी विचारलं, “हिला चालता येतं का?” पेटी घरी राहिली.

एका वर्षी नव्या वस्तीवर निघालो. मुलींनी नाटुकलं बसवलं होतं, पाळकसाहेबांनी प्रवचन घोटून घोटून पाठ केलं होतं. वस्तीच्या तोंडाशीच चार-पाच तरुण आडवे आले. त्यांतला पुढचा जीपच्या बॉनेटवर हात ठेवून म्हणाला, “धर्म बदलायला आलाव का? परत फिरा.”

पाळकसाहेब बोलायला उठले. मेट्रनबाई खिडकीतून म्हणाल्या, “फिरतो बाबा. गाडी वळवायला जागा दाखव तेवढी.”

तो पोरगा गोंधळला. मग खरंच मागं जाऊन हातानं खुणा करायला लागला. “येऊ द्या, येऊ द्या... बस.” जीप वळली. निघणार तोच तो खिडकीशी आला. बाईंच्या मांडीवरची औषधपेटी त्यानं पाहिली होती.

“तुमच्यात डॉक्टर हाय का कुणी? आजीचा पाय भाजलाय. लई चिघळलाय.”

“डॉक्टर नाय. नर्स हाय,” म्हणत त्या उतरल्या. पाळकसाहेबही उतरायला लागले, तशी त्यांनी हात आडवा केला. “साहेब, तुम्ही बसा. त्यानं नर्स मागितलीय.”

बऱ्याच वेळानं त्या परतल्या. आजीच्या जखमेवर कुणीतरी टूथपेस्ट थापली होती, ती आधी धुऊन काढावी लागली. पाळकसाहेबांनी हळूच विचारलं, “प्रार्थना केलीत?”

“केली की. हात धुताना.”

त्यानंतर त्या दिवसाआड एसटीनं कन्नडला आणि तिथून मिळेल त्या गाडीनं वस्तीवर जाऊ लागल्या, पट्टी बदलायला. एकट्या. पत्रकं नाहीत, गाणी नाहीत. सुट्टी होती म्हणून एकदा मी जीपनं सोडलं. वाटेत राहवलं नाही. “बाई, त्यांना प्रभूबद्दल कधी सांगणार?”

“त्यांनी विचारल्यावर.”

“आणि नाहीच विचारलं तर?”

त्यांनी माझ्याकडं अशा नजरेनं पाहिलं, की जणू मी अवघड काहीच विचारलं नव्हतं. “तर पाय बरा होईल.”

मी लहानपणापासून चर्चमध्ये बसतोय. त्या दिवशी मात्र जीप चालवताना माझ्या अंगावर काटा आला.

पाय बरा झाला. माझ्या माहितीप्रमाणे त्या वस्तीवर कुणी काही विचारलं नाही. पुढं आम्ही गेलो की पोरं गाणी ऐकायची, चहा पाजायची, एवढंच. बाईंची तयारी मात्र दर वर्षी तेवढीच कडक.

यंदाच्या पावसाळ्यात त्या झोपेतच गेल्या. जीप अडवणाऱ्या त्या पोराला मी फोन केला, कळवावं म्हणून. दफनभूमीत पाळकसाहेब वचन वाचत होते, तेवढ्यात फाटकाशी एक टेम्पो थांबला. जवळजवळ अर्धी वस्ती उतरली. आजी नातवाचा हात धरून आल्या. सगळे भिंतीपाशीच थबकले. आमच्यातलं काही चुकून मोडायला नको, म्हणून असेल.

मी जवळ गेलो. पोरगा कानाशी म्हणाला, “भाऊ, आमाला तुमच्यातलं काय माहीत नाय. तुमच्यात माती देतात का?”

“देतात,” मी म्हणालो.

आजी वाकल्या आणि त्यांनी ओल्या मातीची मूठ भरली. पाळकसाहेबांनी पुस्तक मिटलं, आणि मागं सरकून बाईंच्या घरच्यांच्याही आधी आजींना वाट करून दिली.