आक्काच्या पडवीतलं प्रस्थान

आमच्या कुत्र्याला नाव नव्हतं, कारण आमच्या घरात नावानं हाक मारायची पद्धतच नव्हती. बायको मला "ऐकलं का?" एवढंच म्हणायची. ते ऐकून मी आणि कुत्रा, दोघंही स्वयंपाकघराकडे निघायचो. तो आधी पोचायचा.

तेरा वर्षांपूर्वी तिनं त्याला अकोले तालुक्यातल्या माहेराहून जीपमधून आणलं, तांदळाच्या पोत्यावर बसवून. अठरा माणसांच्या जीपमध्ये त्या वीतभर पिल्लाचा असा दरारा, की संगमनेरपर्यंत ड्रायव्हरनं त्याला विचारल्याशिवाय हॉर्न वाजवला नाही. आमच्या तिसगावात ही हकिकत मी शंभर वेळा सांगितली असेल, आणि दर वेळी जीपमध्ये एक माणूस वाढलाय.

मागच्या उन्हाळ्यात बायको गेली. मी अजूनही दिवेलागणीला चहा दोन कप टाकायचो. दुसरा कप मीच प्यायचो, गार झाल्यावर. शेवटी भोपाळहून मुलीचा फोन आला, "बाबा, आता पुरे. घर देऊन टाका नि इकडे या."

"कुत्रा येणार असेल तर येतो."

"सातव्या मजल्यावर? बाबा, त्याला आता ओटासुद्धा चढवत नाही."

"तो कळसूबाई चढलेला कुत्रा आहे."

"कळसूबाई तुम्हीसुद्धा चढलेले नाहीत, बाबा." मग तीच म्हणाली, "आणा त्याला."

घर दिलं. घेणाऱ्यांना संक्रांतीला ताबा हवा होता, म्हणजे निघायचं ऐन थंडीत. मी तयारीला लागलो. जुन्या गाडीची मागची सीट काढून तिथं फळी ठोकली, वर गोणपाट अंथरलं. बायकोच्या स्वेटरला चार बाह्या करवून घेतल्या. शिंप्यानं विचारलं, "गुरुजी, माप कुणाचं घेऊ?" चाळीस-चाळीस किलोमीटरवर कुठं थांबायचं, त्याला कुठं उतरवायचं, गरम दूध कुठं मिळेल, सगळं वहीत लिहून काढलं. एवढी तयारी पानिपताला निघालेल्यांनी केली असती तर आज निम्मा हिंदुस्थान मराठीत भांडला असता.

रंगीत तालीम म्हणून त्याला करंजी घाटापर्यंत नेऊन आणलं. पहिल्या वळणाला तो ओकला. दुसऱ्या वळणाला त्यानं मागून माझ्या खांद्यावर हनुवटी ठेवली आणि घरी येईपर्यंत उचलली नाही. मला वाटलं, जमलं.

पाथर्डीच्या जनावरांच्या डॉक्टरांनी मात्र त्याची छाती ऐकून मान हलवली. "हृदय थकलंय, गुरुजी. आपल्या माणसाजवळ शांत पडून राहिला तर निभेल. घाबरला, धडपडला, तर रस्त्यातच जाईल."

"माझ्याजवळ शांतच असतो तो," मी म्हणालो.

मग समोरची आक्का मधे पडली. आक्का माझ्याहून दोन वर्षांनी मोठी. पंचांग छापणारे आधी तिला विचारून घेतात, असं मीच गावात पसरवलेलं आहे.

"पौषात घर हलवताय व्हय, गुरुजी? लई शिकून वाया गेलात."

"ताबा द्यायचाय, आक्का."

"मंग आजच प्रस्थान ठेवा. मार्गशीर्ष सरला न्हाई अजून. माझं घर उत्तरंला, भोपाळबी उत्तरंला. झालं की!"

निघायचा दिवस चांगला नसेल तर चांगल्या दिवशी आपली एक शिदोरी वाटेवरच्या घरी नेऊन ठेवायची, म्हणजे आपण निघालोच असं देवाला कळवायचं. देवालाही थाप मारायची आमच्याकडे अशी रीतसर सोय आहे. तांदूळ, सुपारी, हळकुंड मी आणलं. ते बांधायला अंगावरचं, वापरातलं कापड लागतं. माझे कपडे तर पेट्यांत भरून दोऱ्या आवळलेल्या. बाहेर एकच कापड पडलेलं होतं. बायकोनं स्वतःच्या लुगड्यांची शिवलेली गोधडी. कुत्रा तिच्यावर निजायचा. तिच्यातच सगळं गुंडाळलं आणि आक्काच्या पडवीत नेऊन ठेवलं.

कुत्रा मागोमाग आला. गोधडी हुंगली, तिच्याभोवती तीन फेऱ्या मारल्या आणि अंग टाकलं.

एकदा ठेवलेलं प्रस्थान निघेपर्यंत माघारी आणायचं नसतं. त्यामुळे गोधडी तिथं, आणि कुत्राही तिथंच. देवाला मारलेली थाप त्यानं एकट्यानं खरी मानली होती. त्याचं घर हलून झालं होतं.

पंधरा दिवस मी रोज रस्ता ओलांडून गेलो. कधी दूध नेलं, कधी तुपाची पोळी. तो शेपूट हलवायचा, खायचा, पुन्हा गोधडीवर. उचलून आणला तर रात्रभर दाराला नखं घासायचा. सकाळी धाप लागलेली. तिसऱ्या खेपेनंतर मी उचलणं सोडलं.

"गोधडी गाडीत टाका, येतंय मागं," आक्का म्हणाली.

निघायच्या सकाळी धुकं होतं. गाडी तिच्या दारात लावली, मागचं दार उघडलं. गोधडीचं एक टोक धरून हळूच ओढलं. तो उठला. मागचे पाय लटपटले, छाती भात्यासारखी हलायला लागली. दोन पावलं आला आणि गोधडीच्या दुसऱ्या टोकावर पुन्हा बसला, पंजे रोवून.

मला बायकोसारखी हाक कधी जमली नव्हती. तरी मारली. "ऐकलं का?"

त्यानं कान टवकारले. माझ्याकडे नाही, माझ्या पाठीमागे आमच्या दाराकडे पाहिलं. दाराला दुसऱ्यांचं कुलूप होतं. बराच वेळ पाहत राहिला आणि मग मान खाली ठेवली.

मी टोक सोडलं. तांदूळ, सुपारी, हळकुंड काढून रुमालात बांधलं आणि गोधडी त्याच्याभोवती सारखी केली. स्वेटर आक्काच्या हातात दिला.

"त्याला रात्रीचा घालत जा, आक्का."

"घालीन. जावा आता. मागं बघू नका."

पैठणच्या अलीकडे चहाला थांबलो तेव्हा मुलीचा फोन आला. "बाबा, कुत्रा नीट बसलाय ना?"

मागच्या फळीवर गोणपाट होतं आणि त्यावर तांदळाचा रुमाल.

"बसलाय," मी म्हणालो.

उभ्या जन्मात मी इतकी आखूड थाप मारली नव्हती. पुढं काही रचताच येईना.