फक्कीची रेघ

हे मी आजवर कुणापुढं उघडलेलं नाही. बायकोपुढं नाही, देवापुढंही नाही — देवासमोर उभा राहिलो की मी घाईघाईनं दुसरंच काहीतरी मागून मोकळा होतो. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही मला ओळखत नाही. की आता पोटात मावत नाही म्हणून? नक्की कारण मलाही सांगता यायचं नाही.

आधी गाडीबद्दल सांगतो. गाडीबद्दल बोलायला लागलो की मला बरं वाटतं, बाकीचं पुढं ढकलता येतं. माझी ही खोड लक्षात ठेवा.

लातूर नुकतंच जिल्हा झालं होतं. मी मूळचा भोकरचा, नांदेडला एका उस्तादांच्या हाताखाली मोटारसायकलींचं काम शिकलेला. नवा जिल्हा म्हणजे नवी ऑफिसं, नवे साहेब, नव्या गाड्या, असं मनाशी धरून मी लातूरला गॅरेज टाकलं. पण पावसानं त्या साली सलग दुसऱ्यांदा पाठ फिरवली. गावात टँकरपुढं रांगा आणि माझ्या गॅरेजात माशा.

तिथं बसवराज भेटला. माझ्याच वयाचा, बारीक, बोलायला गोड. त्याच्या वडिलांची, अप्पांची, मार्केट यार्डात तुरीची आडत होती. बसूकडं एक जुनी टू-स्ट्रोक मोटारसायकल होती आणि ती तो ज्या मायेनं पुसायचा, त्या मायेनं कुणी लेकरालाही पुसत नाही. गावाबाहेर तेव्हा नवा वळणरस्ता झाला होता. दुष्काळी कामावरच्या बायामाणसांनी खडी फोडून केलेला, वर डांबर पडलेलं, पण वाहतूक अजून सुरू व्हायची होती. त्या मोकळ्या रस्त्यावर एका मोटारसायकल क्लबनं शर्यत ठरवली. रेसची तयार गाडी घेणं आमच्या आवाक्यातलं नव्हतं. बसू म्हणाला, "दत्ता, हिचीच करू की रेसची गाडी." मी छाती पुढं काढली. नांदेडच्या मिस्त्रीला हे काय अवघड?

दोन महिने आम्ही त्या गाडीच्या मागं होतो. हेडलाईट काढला, हॉर्न काढला, मडगार्ड, स्टँड, मागचं कॅरिअर, सगळं काढलं. हँडल खाली घेतलं. पाय मागं ठेवता यावेत म्हणून ट्रॅक्टरच्या भंगारातल्या पट्ट्या कापून फूटरेस्ट केले. इंजिनाचा जोर वाढावा म्हणून लेथवाल्याकडून त्याचं हेड घासून आणलं. नंबराच्या पाटीला तेलाच्या डब्याचा पत्रा. आणि दर दोन दिवसांनी गाडी आडतीवर न्यायची, तुरीची पोती तोलायच्या काट्यावर चढवायची. माल येतच नव्हता, काटा रिकामाच असायचा. हमाल गंमत म्हणून वजनं टाकायचे आणि ओरडून सांगायचे, "अजून दोन किलो उतरली हो नवरी!" अप्पा गादीवरून बघायचे, मान फिरवून हसायचे. मी आयुष्यात इतका खूश पुन्हा कधी झालो नाही. हे खरं आहे, आणि त्यामुळंच पुढचं सांगायला जड जातं.

बसू रोज सकाळी रस्त्यावर जाऊन वळणं घोटायचा. दालमिलजवळचं डावं वळण सगळ्यात वाईट. तिथं ब्रेक कुठं दाबायचा हे पन्नासदा करून त्यानं ठरवलं आणि कबड्डीच्या मैदानावर आखतात तशी पांढऱ्या फक्कीची एक रेघ मारली. म्हणायचा, रेघेच्या अलीकडं दाबला तर मी भित्रा, पलीकडं दाबला तर मी मेलो.

आता तारेबद्दल सांगायला हवं.

क्लबच्या कागदावर एक नियम होता. इंजिनाच्या खाली तेल सोडायचा बोल्ट असतो. रेसमध्ये गाडी थरथरून तो सैल होऊ शकतो, म्हणून त्याच्या डोक्याला बारीक भोक पाडायचं, त्यातून तार ओवायची आणि ती पीळ देऊन इंजिनाला बांधायची. म्हणजे बोल्ट फिरणारच नाही. दहा मिनिटांचं काम. पण तो बोल्ट कडक पोलादाचा निघाला. माझ्याकडं बारीक ड्रिल दोनच होते, नांदेडहून आणलेले. दोन्ही त्या बोल्टात मोडले. लातुरात तसला ड्रिल मिळेना. नांदेडला एसटीनं जाऊन यायला एक दिवस लागला असता. शर्यतीला दोन दिवस होते.

म्हणजे वेळ होता. ऐकताय ना? वेळ होता!

पण मग बसूला सांगावं लागलं असतं की मला जमलं नाही. हमालांपुढं, अप्पांपुढं, रोज गाडी बघायला येणाऱ्या निम्म्या मार्केट यार्डापुढं ज्या नांदेडच्या मिस्त्रीनं टेंभा मिरवला, त्याला एका बोल्टाला भोक पाडता आलं नाही — हे माझ्या तोंडून निघेना. मी काय केलं? बोल्टाच्या मानेला नुसता तारेचा वेढा दिला, छान पीळ मारला, टोक इंजिनाला बांधलं आणि वर ग्रीस फासलं. दिसायला अगदी नियमाप्रमाणं. धरून ठेवायला काहीच नाही.

बसूनं विचारलं, "तार झाली का रे?"

मी म्हणालो, "झाली."

शर्यतीच्या सकाळी क्लबच्या तपासणीवाल्यानं वाकून बघितलं, पिळाला बोट लावलं आणि पुढं गेला.

चौथ्या फेरीत बसू दुसरा होता. मी दालमिलच्या वळणावरच उभा होतो. खडी फोडणाऱ्या बायाही पदर डोक्यावर घेऊन तिथं ओळीनं बसल्या होत्या. बसू आला. ब्रेक दाबला, गाडी डावीकडं कलती केली, सगळं रोजच्यासारखं — आणि मागचं चाक साबणावर पडल्यासारखं सटकलं. तो घसरत खडीच्या ढिगावर गेला. उजवं मनगट मोडलं, खांदा सोलून निघाला.

लोक त्याच्याकडं धावले. मी गाडीकडं धावलो.

बोल्ट नव्हता. तारेचं रिकामं वेटोळं लोंबत होतं आणि मागच्या टायरवर तेल चमकत होतं. मी मूठ मूठ माती घेऊन ते तेल पुसायला लागलो. तेवढ्यात एक म्हातारी बाई आपली कळशी घेऊन आली, बसूला पाजायला. मी ती तिच्या हातातून घेतली. बसूला दोन घोट पाजले आणि उरलेली सगळी कळशी टायरवर आणि रस्त्यावर ओतली. म्हणालो, पेट्रोल सांडलंय, पेट घेईल. बाई बघतच राहिली. म्हणाली, "प्यायाचं पानी हाय बा ते. दिवसभराचं."

मला तिचं तोंड अजून आठवतं. मी तिला रिकामी कळशी परत दिली.

दुसऱ्या दिवशी मी पहिल्या एसटीनं नांदेडला गेलो, ड्रिल आणले, नव्या बोल्टाला भोक पाडलं, तार ओवली, नीट बांधली. दहा मिनिटं लागली. पडताना वाकडं झालेलं हँडल मात्र तसंच ठेवलं, गाडीला हात लावलाय असं दिसू नये म्हणून.

आठवड्यानं हात गळ्यात अडकवून बसू गॅरेजात आला. गाडीच्या खाली वाकला, तारेला बोट लावून बघितलं. म्हणाला, "तुझं काम पक्कं हाय. म्हंजी मीच चुकलो." मग माझ्याकडं बघून विचारलं, "तू तिथंच होतास. रेघेच्या म्होरं दाबला का मी ब्रेक?"

त्याला कळून घ्यायचं होतं. एवढंच. शिव्या देणार नव्हता, भांडणार नव्हता. आणि मी काय म्हणालो?

"थोडा म्होरं."

हात तीन महिन्यांत बरा झाला. गाडीवर तो पुन्हा बसला नाही. गाडी सोडाच, साधी स्कूटरसुद्धा नाही. आडतीच्या कामाला उदगीर, निलंगा, सगळीकडं एसटीनं. लोक विचारायचे तेव्हा हसून म्हणायचा, माझ्या हातावर माझा भरवसा नाही. लग्न झालं, अप्पा गेले, धंदा वाढला, आणि हे वाक्य त्याच्याबरोबर राहिलं. माझं गॅरेज त्याच्याच शब्दावर चाललं. गिऱ्हाईक पाठवताना तो सांगायचा, दत्ताच्या कामात खोट नसते. मी ऐकून घ्यायचो. चहा मागवायचो.

मागच्या महिन्यात तो आपल्या मुलाला, शिवला, घेऊन आला. शिवनं स्वतःच्या गाडीचे दिवे, मडगार्ड काढले होते, तिकडं पुण्याच्या बाजूला कुठल्याशा क्लबात रेसला उतरायचं म्हणत होता. बसू त्याला मोडता घालायला आला होता, तोही माझ्या तोंडून. म्हणाला, "आपल्यात न्हाई रे ते. मी लई घाई केली होती, रेघ वलांडली. विचार काकाला, त्यो तिथंच होता."

शिवनं माझ्याकडं बघितलं. "खरं का, काका?"

मी साठी ओलांडलेला माणूस. गॅरेज आता पुतण्या बघतो, नावाला काही धक्का बसायचा राहिला नाही. भिण्यासारखं काय उरलं होतं? तरी मी मान हलवली. हो म्हणून.

शिवनं त्याच संध्याकाळी दिवे परत लावून घेतले. माझ्याच गॅरेजात, माझ्याच पान्यांनी. बसू शेजारी स्टुलावर बसून त्याला एकेक स्क्रू देत होता.

त्या दिवशी वळणावर माझ्या पायापासून रेघ दोन हातांवर होती. मी नीट बघितलं होतं. बसूनं ब्रेक बरोबर रेघेवर दाबला होता.